बंदूक वापरणाऱ्याला सक्तीची किमान शिक्षा ठेवली तर गुन्हे कमी होतील का?

आपल्याकडे ती आहेच. शस्त्र कायद्याचं कलम २७ बघा, हत्यार बेकायदा वापरलं की किमान ३ वर्षं. नुसता विनापरवाना कट्टा सापडला तरी २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान २ वर्षं, आधी १ होतं. संजय दत्तची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ६ वरून ५ वर्षांवर आणली, त्याखाली नाही, कारण प्रतिबंधित हत्यार बाळगण्याच्या कलमातली किमान तेव्हा तेवढीच होती. पण हे सगळं गुन्हा शाबीत झाल्यावर. खटला तिथवर पोचतो कुठे?

२०१६ साली आमच्या स्टँडबाहेर एका पोराकडे गावठी कट्टा सापडला. माझं झेरॉक्सचं दुकान समोरच, म्हणून मला आणि शेजारच्या चहावाल्याला पंच म्हणून बोलावलं. कट्टा बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला, मुठीला काळी चिकटपट्टी, सोबत दोन जिवंत काडतुसं. हवालदाराने पाकिटावर लाख ओतली, मी लेबलवर सही केली.

पाच वर्षांनी समन्स आलं. आमचा दादा म्हणाला, "काही आठवत नाही म्हण आणि मोकळा हो." हाच दादा घरात प्रत्येक गोळीबाराच्या बातमीला म्हणतो, जन्मठेपच ठेवा, सुतासारखे सरळ होतील! मी गेलो. चार तारखा दुकान बंद ठेवून गेलो. पाकीट फोडलं, सही माझीच होती, तसं शपथेवर सांगितलं. चहावाला फितूर झाला, कोऱ्या कागदावर सही घेतली म्हणाला. आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खटल्याची मंजुरी, जी कलम ३९ प्रमाणे लागतेच, ती कागदपत्रांत नव्हतीच. आरोपी सुटला.

दादा आजही म्हणतो, चार दिवस फुकट घालवलेस. मला ते मान्य नाही. शिक्षा वाढवा म्हणायचं आणि साक्षीला जायचं नाही, याला काय अर्थ आहे?

किमान शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. कट्ट्याने माणूस जखमी झाला असेल तर ३ वर्षंही मला कमीच वाटतात. मात्र न्यायाधीशाचे हात पूर्ण बांधणंही चूक. कलम २७ मधलीच सक्तीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली, ते योग्यच झालं.

तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं तर जा. काडतुसं स्वतः मोजा, पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा, तारीख घरी लिहून ठेवा. आणि समन्स आलं की जे पाहिलं तेच सांगा, घरचे काहीही म्हणोत.