गड, घाट आणि गुडघे: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पाऊस सुरू झाला की साताऱ्यात सगळ्यांनाच पळायचं असतं, आणि दोन महिन्यांनी त्यातलीच बरीच माणसं गुडघा धरून आमच्या फिजिओथेरपीच्या टेबलावर येतात. प्रश्नही तेच तेच येतायत, म्हणून एकदाच लिहिते.

मॅडम, व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी?

जी वेळ वर्षभर जमेल ती.

रोज १०,००० पावलं होत नाहीत, सहा हजारांवर गाडी अडकते. मग उपयोग काय?

उपयोग आहेच. हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरलाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, जो इथे कुणीच करत नाही.

वय ५४. रोज अजिंक्यतारा चढतो. चढताना काही नाही, उतरताना गुडघा दुखतो. मेडिकलमधून नी कॅप आणलीय.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात जातच ब्रेक लावत असतात, ते कमजोर असले की भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. नी कॅपने ताकद येत नाही. पंधरा दिवस गड बंद, सपाटीवर चाला, आणि एकदा गुडघा दाखवून घ्या. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर पंधरा दिवसही थांबू नका.

वय ३८, बँकेत नोकरी. हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, सहा आठवडे राहिलेत, आजवर पळालेलो नाही. मित्र म्हणतो रोज यवतेश्वरचा घाट मार, बॉडी आपोआप सेट होते.

नाही होत हो! हा 'आपोआप सेट' शब्द ऐकला की मला खरंच राग येतो, कारण त्याची किंमत मी रोज बघते. पळायला लागल्यावर तीन-चार आठवड्यांत दम सुधारतो, माणसाला वाटतं आता जमतंय, पण टाचेची शीर आणि नडगीचं हाड तयार व्हायला महिने लागतात, म्हणजे छाती म्हणते पळ आणि पाय अजून मागेच असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक अंतर दुप्पट करतात. मग नडगी दुखते, त्यावर स्प्रे मारून परत घाट. कधी हाडाला बारीक चीर जाते आणि सहा-आठ आठवडे पळणं बंद, तोवर सवयही मोडते, आणि मला त्या सवयीचीच जास्त काळजी वाटते, मेडल एका दिवसाचं असतं, शुगर-बीपी रोजचं. या वर्षी २१ किलोमीटर सोडा. आठवड्यातून तीन दिवस, पाच मिनिटं चाल, एक मिनिट हळू पळ, असं सपाटीवर सुरू करा, मधे एक दिवस विश्रांती, वाढवायचं ते थोडंथोडं. घाट शेवटी. पुढच्या वर्षी पळा. त्याआधी बीपी, शुगर, ईसीजी करून फिजिशियनचा सल्ला घ्या, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर नक्कीच. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोटाला घामाचा पट्टा बांधून चाललं तर चरबी उतरते का?

घाम जातो, पाणी प्यायलं की वजन परत येतं. पैसे वाचवा.

आईला शुगरची गोळी चालू आहे, उपाशीपोटी फिरताना हातपाय थरथरतात. शेजारच्या काकू म्हणतात अशक्तपणा आहे.

काकूंना राहू दे, शुगर उतरत असेल. तसं झालं की जागेवर बसवा, शुद्धीत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. उपाशी फिरणं थांबवा. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

साताऱ्यातल्या 'चार भिंती' टेकडीचा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की बरं वाटतं. पित्त असेल ना? पुढच्या महिन्यात दाखवतो.

पुढच्या महिन्यात नाही, आज. चढताना येतं आणि थांबलं की जातं, हे हृदयाचं दुखणं असू शकतं, पित्ताची गोळी घेऊन वाट बघू नका. बसल्याजागी दुखलं, घाम फुटला किंवा दुखणं हातात-जबड्यात गेलं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ ला फोन करा. चढ आणि व्यायाम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.