दस्त्याला तडा: आधी काजळ, मग बोल्ट

प्रश्न : माझ्याकडे माउझर धर्तीची .४५८ विंचेस्टर मॅग्नम रायफल आहे, दस्ता अक्रोडाचा. चाळीसेक गोळ्या झाडल्यावर टँगच्या (नळीमागच्या पोलादी यंत्रणेच्या शेपटीच्या) मागे केसाएवढा तडा दिसू लागला. इथला सुतार म्हणतो, आडवा बोल्ट ठोकला की काम झालं. तेवढं पुरेल का?
— एक वाचक, आरुशा, टांझानिया

उत्तर : नाही पुरणार. बोल्ट लागेल, पण त्याचा नंबर दुसरा. १९५६ साली आलेलं हे काडतूस .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या साधारण तिप्पट धक्का देतं. हा धक्का लाकडाने झेलायचा तो रिकॉइल लगच्या, म्हणजे यंत्रणेखाली दस्त्यात अडकणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या, मागच्या चिमूटभर जागेवर. तिथे पोस्टकार्डाच्या जाडीची जरी फट राहिली, तरी ॲक्शन (नळीमागची पोलादी यंत्रणा) आधी मोकळी मागे सरकते, वेग घेते आणि मग हातोडीसारखी आपटते. त्यात लगच्या आधी टँगच लाकडाला टेकला, तर तो पाचरीसारखा मुठीत घुसतो. तुमचा तडा याच जातीचा वाटतो.

खात्री करून घ्या. रायफल रिकामी करून ॲक्शन काढा, लगच्या मागच्या बाजूला तेलात कालवलेलं काजळ पातळ लावा, ॲक्शन बसवून स्क्रू आवळा, पुन्हा काढा. लाकडावर पूर्ण चौकोन उमटला तर लग नीट बसतोय. एका कोपऱ्यात ठिपका उमटला, तर सगळा मार तो कोपराच खातोय. काजळ टँगच्या मागच्या कडेलाही लावा. तिथे मात्र डाग अजिबात उमटायला नको.

आधी तडा भरा. ॲसिटोनने तेल काढा, तडा हलकेच फाकवून पातळ, संथ सुकणारं इपॉक्सी हेअर ड्रायरच्या उबेने आत मुरू द्या आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळून २४ तास ठेवा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी या कामात कुठेच वापरू नका. त्यात ना ताकद, ना उन्हातान्हात टिकाव.

मग मुठीतली सळी. ट्रिगरच्या खाचेच्या मागच्या टोकातून मुठीच्या उताराला धरून ६.५ मिमीचं भोक पाडा आणि त्यात ६ मिमीची आटे असलेली, १०० ते १२० मिमी लांब स्टीलची सळी इपॉक्सीत बसवा. सळीच्या एका कडेला आधी कानशीने सपाट पट्टा काढा. तो नसेल तर बंद भोकात इपॉक्सीला बाहेर यायला वाट मिळत नाही, सळी पिचकारीच्या दट्ट्यासारखी दाब देते आणि धडधाकट मूठही आतून फुटते. ही चूक अनुभवी सुतारही करतात.

आडव्या सळ्या, म्हणजे तुमच्या सुताराचे बोल्ट, दोन: एक लगच्या खाचेच्या लगेच मागे, दुसरी मॅगझिन आणि ट्रिगर यांच्यामधल्या लाकडाच्या पडद्यात. हा पडदा मुळातच बारीक असतो आणि टँगनंतर बहुधा तोच तडकतो. भोक एका बाजूने, समोरच्या पृष्ठभागाच्या ५ मिमी अलीकडे थांबवा. सळी चिकटवून तोंडाशी अक्रोडाचा गुल्ला बसवा. दस्त्याच्या भिंती बाहेर फुगू न देणं आणि मार पसरवणं, एवढंच या सळ्यांचं काम. लग सैल असेल तर त्या एकट्या काही वाचवत नाहीत.

खरी मदार बेडिंगवर, म्हणजे ॲक्शन आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीची घट्ट बैठक ओतण्यावर. लगच्या मागचं लाकूड पटाशीने २ ते ३ मिमी काढा, पकड यावी म्हणून आत दोन-तीन तिरकी छोटी भोकं पाडा. ॲक्शनची उंची बदलू नये म्हणून खाली थोडं मूळ लाकूड राखा. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही कडेच्या बाजूंना चिकटपट्टीचा एक थर द्या. मागची बाजू उघडीच हवी. सगळ्या धातूला मेणाचे दोन हात, भोकं-खाचा प्लॅस्टिसिनने बुजवलेल्या. ॲक्राग्लास जेलसारखं जाड इपॉक्सी (दोन्ही भाग समान) ३० ते ४० ग्रॅम पुरतं. स्क्रू नुसत्या बोटांनी टेकवा. इथे आवळलंत तर ॲक्शन वाकलेल्या स्थितीत कायमची गोठते. मेण कुठे राहून गेलं आणि ॲक्शन चिकटली, तर रायफल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून नळीवर रबरी हातोडीने हलके टोले द्या.

सुकल्यावर टँगच्या मागे १ मिमी मोकळीक कोरा, उघड्या लाकडाला तेलाचा हात द्या. शेवटी स्क्रू ४ ते ५ न्यूटन-मीटरवर. वीस गोळ्यांनंतर पुन्हा काजळ लावून बघा.

प्रश्न : खांदा वाचावा म्हणून मी शिशाच्या पिशव्या लादलेल्या स्टँडवर रायफल अडकवून नेम जुळवतो. दस्त्यातही शिसं भरू का?
— एक वाचक, डर्बन

उत्तर : खांदा वाचेल, दस्ता जाईल. खांदा मागे जातो म्हणून दस्ताही ॲक्शनबरोबर मागे जातो. तो जड वजनाला जखडला की जागचा हलत नाही आणि लगचा सगळा मार लाकडाला जागेवरच सोसावा लागतो. दस्त्यातल्या शिशाचंही, थोड्या प्रमाणात, तेच. भरायचंच तर बेडिंग पक्कं झाल्यावर. स्टँडवरचं वजन मात्र काढा, उभं राहून झाडा, आणि बेंचवर बसायचंच असेल तर खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी धरा.

प्रश्न : घरात आजोबांची परवान्यावरची .३७५ हॉलंड अँड हॉलंड आहे. टँगमागचं लाकूड काळं, मऊ पडलंय. तडा नाही. मजबूत करून घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते वर्षानुवर्षं झिरपलेलं बंदुकीचं तेल. अशा लाकडाला इपॉक्सी धरत नाही. शस्त्रदुरुस्तीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा काम परवानाधारक कारागिराकडेच द्या. पण काय करायचं ते सांगून द्या. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, ॲसिटोन पूर्ण उडाल्यावर हेअर ड्रायरने ऊब द्यायची, पिवळट झालेली पूड झाडून पुन्हा नवा लेप; पूड पांढरी राहीपर्यंत. पाच-सहा फेऱ्या सहज लागतात. त्यानंतरच बेडिंगचा विचार. आणि रायफल कपाटात ठेवाल ती नळी खाली, दस्ता वर, म्हणजे उरलेलं तेल लाकडाकडे उतरणार नाही.