किलोमीटरमागे रस्ता-शुल्क आलं तर खेड्यातल्या माणसाला परवडेल का?

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल-डिझेलवरचा कर काढून जितके किलोमीटर गाडी चालेल तितके पैसे घेतले, तर आमच्या यवतमाळकडच्या शेतकऱ्याचं नुकसान होईल का?

दर कसा ठरतो, त्यावर सगळं आहे. लिटरला साठ किलोमीटर देणारी मोटरसायकल आज किलोमीटरमागे फार थोडा कर भरते. तिला आणि मोठ्या गाडीला एकच दर लावला, तर बाजार, दवाखाना, तहसील सगळंच तालुक्याला असलेला माणूस मरतो. त्याला एसटीची वाट बघण्याशिवाय दुसरी सोयही नसते.

न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना हे शुल्क 1978 पासून आहे. तिथे गाडीचं वजन आणि आस (दोन्हीकडची चाकं जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल) किती आहेत ते पाहून दर ठरतो, 1000 किलोमीटरच्या पटीत आगाऊ भरावं लागतं. एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या, कारण त्या पंपावर कर भरतच नाहीत. वजनाचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. वणीकडे कोळशाचे ट्रक जातात ते रस्ते पाहा, मग पटेल.

आणखी एक. ट्रॅक्टर वखरणी-नांगरणीत जे डिझेल जाळतो त्यावरही आज रस्त्याचा उपकर लागतो, खरं तर तो वावरात असतो. किलोमीटर फक्त सडकेवरचे मोजले, तर हा अन्याय थांबेल.

मात्र इंधनावरचा कर आधी उतरला पाहिजे. दोन्ही एकदम घेणार असतील तर माझा साफ विरोध.