पावसाळ्यानंतर डोलकाठी उभी केली, आता तारा किती ताणायच्या?

तुमची 30 फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), एकच आणि सरळ स्प्रेडर (डोलकाठीच्या बाजूच्या तारा बाहेर ढकलणारा आडवा दांडा), डोलकाठी धरून ठेवणाऱ्या 6 मिमीच्या तारा, आणि ताण मोजायचं गेज हाताशी नाही. गेज नसलं तरी अडत नाही. मी मुंबई बंदरात अशाच बोटीवर दर ऑक्टोबरला हे काम करतो.

बोट जमिनीवर ठोकळ्यांवर असताना तारा ताणू नका. पाण्यात गेली की हलचा, म्हणजे बोटीच्या धडाचा, आकार किंचित बदलतो आणि सगळं माप चुकतं. दोन-तीन दिवस तरंगू द्या, मग सकाळी वारा पडलेला असताना सुरुवात करा. त्याआधी टर्नबकलच्या, म्हणजे तार आवळायच्या स्क्रूच्या, आट्यांना लॅनोलिन लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांत रुततात, मग कापण्याशिवाय इलाज उरत नाही.

डोलकाठी मध्यावर आहे का हे बघायला ओळंबा वापरू नका, कारण एक माणूस डेकच्या कडेला गेला तरी बोट कलते. मेनचा हॅलयार्ड (मोठं शीड चढवायची दोरी) एका बाजूच्या चेनप्लेटला (तार जिथे बोटीला अडकते ती पट्टी) टेकवून घट्ट धरा, तिथे खूण करा, मग तोच दुसऱ्या बाजूला न्या. दोन्हीकडे माप सारखं आलं पाहिजे. मागचा कल फोरस्टे आणि बॅकस्टेने, म्हणजे पुढच्या आणि मागच्या तारेने, ठरतो. 12 मीटरच्या डोलकाठीला एक अंश कल म्हणजे टोक साधारण 21 सेंटिमीटर मागे. तेवढ्याने सुरुवात करा. (आपल्या जुन्या पतेमारींच्या, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतांच्या, डोलकाठ्या नाळेकडे, म्हणजे पुढे, झुकलेल्या असत. तिरक्या परमाणावरच्या (शीड बांधायच्या आडव्या काठीवरच्या) शिडाचं गणितच वेगळं.)

आता तुमचा मुख्य प्रश्न. 1×19 विणीची (19 धाग्यांचा एकच पीळ असलेली) तार दोन मीटर लांबीत साधारण 1 मिमी वाढली, की तिच्यावर तुटण्याच्या भाराच्या सुमारे 5 टक्के ताण आलेला असतो. तार जाड असो की बारीक, हिशोब तोच, म्हणून सुताराची दोन मीटरची घडीची पट्टी पुरते. तार हाताने ताठ करा. पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने बांधा, खालचं मोकळं ठेवा आणि ते जिथे येतं तिथे तारेवर बारीक खूण करा. टर्नबकल आवळाल तशी खूण खाली सरकेल. डोलकाठीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाजूच्या तारांना, म्हणजे कॅप शराउडना, 3 मिमी, म्हणजे 15 टक्के ताण द्या. 6 मिमीच्या तारेत हा चारशे किलोंच्या वर जातो, त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नका. एका बाजूला ताण दिला की दुसरीकडचाही वाढतो. म्हणून दोन्हीकडे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या आणि फेरे मोजा. स्प्रेडरजवळून खाली येणाऱ्या खालच्या तारांपैकी पुढची जोडी मागच्यापेक्षा थोडी घट्ट ठेवा, म्हणजे डोलकाठीचा मध्य किंचित पुढे येईल.

खरी परीक्षा वाऱ्यातच होते. 12-15 नॉटच्या वाऱ्यात क्लोज हॉल्ड, म्हणजे वाऱ्याच्या शक्य तितकं समोर, जा, बोट 20 अंश कलू द्या, आणि डोलकाठीतल्या शिडाच्या खाचेवर डोळा टेकवून वर बघा. टोक वाऱ्याखाली पडत असेल तर कॅप शराउड सैल आहेत. मध्य तिकडे फुगत असेल तर खालच्या तारा सैल आहेत. वाऱ्याखालची कॅप तार हाताला लोंबती लागता कामा नये. फेरफार नेहमी वाऱ्याखालच्या, भार नसलेल्या तारेवरच करा. मग टॅक घेऊन, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेऊन, दुसरीकडेही तितकेच फेरे द्या. भाराखालच्या टर्नबकलला पाना लावणाऱ्यांना मी दर वर्षी रोखतो.

आणि कॉटर पिना, म्हणजे टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून घालायच्या छोट्या पिना. एका वर्षी समुद्रात फेरफार करून आम्ही निघालो. नंतर बघू म्हणत एक पिन घालायची राहिली. खांदेरीजवळ लाटेत टकटक आवाज यायला लागला. बघतो तर खालच्या तारेचा टर्नबकल फिरत फिरत सुटत आलेला, जेमतेम चार आटे शिल्लक. लगेच टॅक घेतला म्हणून डोलकाठी वाचली. तेव्हापासून ज्याच्या हातात पाना, त्याच्याच खिशात पिना, आणि पिन घातल्याशिवाय पुढच्या तारेला हात लावायचा नाही.

तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर ताणण्याआधी खालचे स्वेज (तारेच्या टोकाला दाबून बसवलेले जोड) भिंगातून पाहा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. गंजाचा तपकिरी ओघळ किंवा केसाएवढी चीर दिसली, तर ती तार आधी बदला. कापूस तारेवरून फिरवलात तर तुटलेला धागाही लगेच सापडेल.