दुर्बिणीचा ६ इंची आरसा घासून झाला. पॉलिशला सेरियम ऑक्साइडची पावडर चालेल का? कोणतं, कुठून घ्यावं? ग्रुपमधले एक काका म्हणतात, त्याने ओरखडे पडतात, रूजच (लाल पॉलिश पावडर) वापर.

चालेल काय, तेच घ्या. ओरखडे सेरियम पाडत नाही, आधीच्या पायरीतून उरलेला कार्बोरंडम, म्हणजे काच घासायची खरखरीत पावडर, पाडतो. काकांचं हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्यात आम्ही काही जण मिळून आरसे घासायचो. एका मुलीच्या आरशावर पॉलिश करताना मधोमध ओरखडा उमटला. एक ज्येष्ठ सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सेरियमची घाई नडली." तिचा चेहरा पडला. मी तिचा पिच लॅप (ज्यावर आरसा पॉलिश करतात तो डांबरासारख्या पिचचा, चौकोन पाडलेला थर) खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. दोन चौकोनांमधल्या खाचेच्या कडेला, पिचमध्ये रुतलेला काळा, चमचमणारा कण. सेरियमची पावडर फिकट गुलाबी आणि मैद्यासारखी. तिच्यात हा येणार कुठून? ८० नंबरचं ग्रिट, म्हणजे जाडसर कार्बोरंडम, ज्या बादलीत धुतलं, तीच बादली पॉलिशच्या पाण्याला घेतली होती. सरांना कण दाखवला. "असेल," म्हणाले, आणि पुढच्या बॅचला पुन्हा तेच सांगितलं. शिकणाऱ्या पोरांना असं चुकीचं कारण चिकटवून देणं मला आजही पटत नाही.

मुळात सेरियम ऑक्साइड काच नुसती खरवडत नाही. कठीणपणाच्या मोहस मापावर ते ६ च्या आसपास, म्हणजे जवळपास काचेइतकंच कठीण. पाण्याने काचेचा अगदी वरचा थर मऊ पडतो आणि सेरियम त्यातल्या सिलिकाशी ऑक्सिजनमार्फत बंध जोडून तो उचलून नेतं. म्हणून लॅप कोरडा पडू द्यायचा नाही. रूज, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, हेच काम कितीतरी सावकाश करतं, वर हात, कपडे, फरशी सगळं लाल.

साधारण १-२ मायक्रॉनची ऑप्टिकल ग्रेड घ्या, पाण्यात पातळ कालवा. १०० ग्रॅम तुमच्या आरशाला पुरून उरेल. पॉलिश सुरू करण्याआधी बादली, ब्रश, टेबल, नखंसुद्धा धुवा. आरशाच्या कडेला भिंगातून बारीक खड्डे दिसत राहिले, तर दोष पावडरचा नाही; बारीक घासणी कमी पडली, मागे जा.

रूजचा शेवटचा हात जास्त गुळगुळीत बसतो असं म्हणणारे जाणकार आहेत, तेही खोटं नाही. पण पहिल्या आरशात खरी लढाई आकाराची असते. पॅराबोला, म्हणजे प्रकाश एका बिंदूत आणणारा खोलगट आकार, जमला की नाही हे फूकोची चाचणी (दिवा आणि पात्याच्या धारेने आरशाचा आकार तपासणं) सांगते, पावडरचा रंग नाही. तरी रूज लावायचाच असेल तर त्याला वेगळा लॅप ओता, एकाच पिचवर दोन पावडरी नकोत. आणि डबा उघडताना तोंडावर मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.