पेपरात 8 अंश, मग जेटीवर बर्फ कुठून?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही महाबळेश्वरला होतो. पहाटे वेण्णा तलावाच्या जेटीवर मी स्वतः बोटांनी बर्फ खरवडला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या पहाटेचं किमान तापमान 8 अंश छापलेलं. पाणी तर शून्याला गोठतं. मग आकडा चुकला की माझे डोळे? आणि तो बर्फच होता, तर शेजारचा अख्खा तलाव पाणीच कसा राहिला? (एक वाचक, कराड)

उत्तर : आकडाही बरोबर, बर्फही खरा. मी वाईचा. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, तेव्हा मुलं दर हिवाळ्यात हेच विचारायची. शेवटी एका जानेवारीत दोन थर्मामीटर घेऊन रात्रीच घाट चढलो. एक झाडापासून लांब, उघड्यावर, काठीला छातीइतक्या उंचीवर टांगला, दुसरा तिथेच गवतावर आडवा ठेवला. पहाटे साडेपाचला वरचा 5 दाखवत होता. खालचा शून्याच्या खाली अर्धा अंश उतरला होता, आणि त्याच्या काचेवर मिठासारखे पांढरे कण होते. जुनी माणसं याला दहिवर म्हणतात, किती नेमका शब्द आहे!

हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. निरभ्र रात्री गवत, फळ्या, गाडीचा पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. वारा पडलेला असला की वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते, आणि वेण्णेचा काठ बाजारपेठेपेक्षा सखल आहे. म्हणून तिथे दंव गोठतं आणि वर गावात नुसती थंडी वाजते. त्या पहाटे झाडाखालचं गवत ओलंसुद्धा नव्हतं. फांद्यांनी त्याचं आकाश झाकलं होतं, एवढंच कारण.

आता तलाव. मी त्यात हात घातला आणि चक्क कोमट लागला! मोजलं तर 14 अंश. पत्रा पातळ, त्याच्याजवळ उष्णतेचा साठाच नसतो. पाण्याचा साठा अफाट. शिवाय वरचा थर गार झाला की जड होऊन बुडतो आणि खालचं ऊबदार पाणी वर येतं. हे 4 अंशांपर्यंत चालतं, कारण पाणी सगळ्यात जड 4 अंशांना असतं. त्याखाली गेलं की उलट हलकं होतं, मगच वरचा थर वरच राहून गोठू शकतो. म्हणजे तलावावर साय धरायची तर आधी तळापर्यंतचं सगळं पाणी 4 अंशांवर यायला हवं. आपल्या हिवाळ्यातल्या चार थंड रात्रींना ते झेपत नाही.

प्रश्न : थंडी वाढली की आमच्याकडे पहाटे द्राक्षबागेला विहिरीचं पाणी सोडतात. गारठ्यात आणखी पाणी? (एक शेतकरी, निफाड)

उत्तर : सोडा, निर्धास्त सोडा. हिवाळ्यातही विहिरीचं पाणी 20 अंशांच्या वर असतं. त्यातलं प्रत्येक लिटर एका अंशाने निवताना हजार कॅलरी उष्णता बागेला देऊन जातं. त्याहून मोठं काम ओली माती करते. कोरड्या मातीच्या फटींत हवा कोंडलेली असते, ती गोधडीसारखी खालची ऊब खालीच अडवते. माती भिजली की ती ऊब वर येते. पण दिवसाचं ऊन साठवायलाही ओलीच माती बरी, म्हणून गारठ्याचा अंदाज कळताच आदल्या दिवशीही एक हलकं पाणी द्या. मण्यांना तडे गेल्यावर दिलेल्या पाण्याचा उपयोग नाही.