आपल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर नवीन आलेल्या भावाला

भाऊ, ‘पऱ्हाटीवर (कपाशीवर) अळी आली, औषध सांगा’ एवढंच टाकलंस तर कोणी बोलणार नाही. हिरवं बोंड फोडून आतल्या गुलाबी अळीचा फोटो टाक, पेरणीची तारीख सांग. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून पकडतो त्यात, रोज किती पतंग येतात तेही. सलग 3 रात्री एका सापळ्यात 8-8 पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली समज. हे मलाही ग्रुपनंच शिकवलं. म्हणून तर रात्री मोटर सुरू करून बांधावर बसलो की मी उत्तरं लिहीत असतो. सावडीनं, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या, डवरणी (कोळपणी) करतो ना आपण, तसंच.

अन् फवारल्यावर काय झालं ते कळव. बहुतेक जण गप्प बसतात, तिथंच सांगणाऱ्याचं मन मोडतं. बाकी, सकाळी गुलाबाची फुलं तेवढी पाठवू नको बाप्पा!